समेट आधी, अर्पण नंतर

आपल्यामुळे कोणाचे मन दुखावले आहे, हे प्रार्थनेला बसताना आठवले, तर बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशूने सांगितल्याप्रमाणे अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी त्या व्यक्तीशी समेट करावा. क्षमा मागताना ‘पण’ हा शब्द टाळावा; त्याच्यामागून सहसा स्वतःचे समर्थनच येते. अपराध दुसऱ्याचा असेल, तर त्याची चर्चा मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, न करता त्याच शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायानुसार प्रथम एकांतात, दोघांतच बोलावे आणि तो ऐकत नसेल, तरच आणखी एकदोघांना सोबत न्यावे. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. प्रार्थनेची विनंती म्हणून केलेली कुजबुजही कुजबुजच असते. मदत मात्र गाजावाजा न करता द्यावी, आणि गरजवंताला कोरड्या आशीर्वादावर परत पाठवू नये.