वृद्धाश्रम तपासायचा तर आखाजीच्या दुपारी जा

फोन करून, वेळ ठरवून वृद्धाश्रमात गेलात तर पुसलेली फरशी, नव्या चादरी आणि चहा मिळतो. तेवढ्यावर आई-वडिलांना तिथे ठेवायचं ठरवू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एखादी जागा खरी कशी चालते ते कळायची हमखास वेळ म्हणजे आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे तीन-चार दिवस. ऊन ऐन भरात असतं आणि सेवेला असलेल्या बायका माहेरी गेलेल्या असतात. ज्या दिवशी माणसं सगळ्यात कमी आणि काम सगळ्यात जास्त, तो दिवस बघायचा. आखाजी लांब असेल तर श्रावणातला कानबाई देवीच्या उत्सवाचा रविवार किंवा पोळा चालेल.

निदान तीन फेऱ्या मारा. पहिली कळवून, कागद बघायला. दुसरी न कळवता, दुपारी ३ च्या सुमाराला. तिसरी रात्री साडेआठ-नऊला. दुपारी "विश्रांतीची वेळ आहे" म्हणून थांबवलं तर समजू शकतं, पण सख्ख्या नातेवाइकालाही रात्री कधीच आत न सोडणारी जागा असेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

उष्मा आणि कूलर

आपल्याकडे मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. म्हणून पहिला प्रश्न: अंथरुणाला खिळलेली माणसं कुठल्या मजल्यावर आहेत? वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली असतील तर ती जागा उन्हाळ्यासाठी चालणार नाही. खालचा मजला, पूर्वेची किंवा उत्तरेची खोली आणि गच्चीवर चुना, एवढं तरी हवं. सोबत साधा थर्मामीटर न्या आणि तो भिंतीला न लावता खाटेच्या उंचीवर दहा मिनिटं धरा. खोली ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी आहे का बघा. बंद खोलीतला कूलर फक्त दमटपणा वाढवतो, घाम वाळत नाही आणि जीव जास्तच घाबरतो.

कूलरचं दुसरं दुखणं शॉकचं. लोखंडी कूलर, ओली फरशी, लोखंडी खाट आणि त्यावर उठताना आधार शोधणारा हात, हे सगळं एका ओळीत येतं. वायर प्लगशिवाय सॉकेटात काडीपेटीच्या काड्यांनी दाबलेली दिसली तर तिथेच थांबवा. प्लग तीन पिनचा हवा, अर्थिंग जोडलेलं हवं, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा खटका हवा. त्यावर टेस्टचं बटण असतं; व्यवस्थापकाला ते तुमच्यासमोर दाबायला सांगा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर ते यंत्र नुसतं शोभेला आहे. खाट आणि कूलर यांच्यात हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवलेलं असावं. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, टाकी घासून वाळवली जाते का तेही विचारा. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे "मागितलं की देतो" हे उत्तर पुरेसं नाही. ठरलेल्या वेळी पेला हातात द्यायला हवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर. माठ खाटेपासून किती पावलांवर आहे ते मोजा. लघवीच्या पिशवीत गडद पिवळं पाणी दिसलं तर पाणी कमी पडतंय. वाईट पण सर्रास चालणारी गोष्ट अशी की रात्री डायपर बदलायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच देत नाहीत. हे व्यवस्थापकाला विचारून कळत नाही, आजींना विचारून कळतं. आणि तेही पुस्तकी मराठीत विचारलंत तर "सगळं चांगलं आहे" एवढंच उत्तर येतं. "माय, रातले पानी कोन देस?" असं अहिराणीत विचारा, रावेर-यावलकडच्या आजी असतील तर लेवा बोलीत विचारा. मग माणूस मोकळं होतं. सेवेच्या बाईला ती बोली कळते का, हेही त्यातच समजतं.

अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, माणूस गुंगीत, अशी लक्षणं दिसली की उष्माघात समजून काय करायचं हे ड्युटीवरच्या बाईला विचारा. हवं ते उत्तर असं: १०८ ला फोन, सावलीत आणणं, कपडे सैल करणं, अंगावर पाणी आणि पंखा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. "लिंबूपाणी पाजतो" एवढंच आलं तर शिकवण झालेली नाही.

रात्रीची फेरी

रात्री तीन गोष्टी बघा. किती वृद्ध आणि किती जागी माणसं? नोंदवहीतली नावं आणि समोरची माणसं जुळतात का? वॉचमन म्हणजे सेवक नव्हे. तो उठवून बसवू शकत नाही. मग खाटेशेजारची बेल दाबा आणि घड्याळ बघा. दोन-तीन मिनिटांत कोणी यायला हवं. बेल नसेल, बंद असेल किंवा हात पोचणार नाही इतकी वर असेल तर तसं लिहून घ्या.

तिसरी गोष्ट ग्रिलची. चोरीच्या भीतीने रात्री जिन्याला आणि दाराला कुलूप लागतं आणि किल्ली ऑफिसात असते. आग लागली तर आतली माणसं बाहेर येणार कशी? किल्ली ड्युटीवरच्या माणसाच्या कमरेलाच हवी आणि दुसरी ग्रिलजवळ. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, रिफिलची तारीख उलटली का, ते वाचा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्नि प्रतिबंधक कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते मागा. गॅसच्या नळीवर छापलेलं वर्ष बघा, पाच वर्षांहून जुनी नळी बदलायला हवी.

संडास-मोरीत स्वतः जा. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, नाहीतर आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे ते उघडतच नाही. कडी बाहेरून काढता यावी. भिंतीच्या दांडीला लोंबकळून बघा. टॉवेल टांगायचा रॉड म्हणजे आधाराची दांडी नव्हे. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा दिवा हवा. बरीच माणसं त्याच दहा पावलांत पडतात. आंघोळीच्या पाण्याचंही बघा. सोलरचं पाणी आपल्या उन्हात अंग पोळेल इतकं तापतं. ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी गार, मग गरम, आणि हाताच्या कोपराने तपासणं, हा क्रम सेवेच्या बाईला पाठ हवा. गॅस गीझर बंद मोरीच्या आत असेल तर ती जागा नापास. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

नोंदवही आणि अंग

कागद बघायचा तो अंगाशी ताडून. खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देतात, त्याचा तक्ता असतो. तक्त्यावर पहाटे ४ ची सही आणि सकाळी ९ लाच रात्री ८ ची सही दिसली तर तक्ता एका बैठकीत भरलाय. मग परवानगी घेऊन टाचा, माकडहाड आणि कुल्ल्याची हाडं बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडा: पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर रंग कळत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते चाचपा. मनगटावर साडीच्या पट्टीचे वळ असतील तर बांधून ठेवतात, मग कारण काहीही सांगोत.

वजनाची वही मागा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं असेल तर डॉक्टरला दाखवल्याची नोंद हवी. ५० किलोच्या आजींचं महिन्यात अडीच किलो घटलं, एवढं पुरेसं आहे. घटण्याचं कारण बऱ्याचदा ताटात असतं: कळण्याची भाकरी चवीला कितीही चांगली असली तरी कवळी नसलेल्या तोंडाला ती वरणात कुस्करूनच द्यावी लागते. वेळ नसला की भाकरी न कुस्करताच समोर ठेवतात आणि ताट तसंच उचलून नेलं जातं. जेवताना माणूस ताठ बसलेला हवा. आडव्या माणसाला भरवलं की घास श्वासनलिकेत जातो. नाकातून नळीने देत असतील तर डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि दिल्यावर निदान अर्धा तास तसंच.

रात्रीचं जेवण किती वाजता? स्वयंपाकीण सहाच्या एसटीने जाते म्हणून साडेपाचला वाढतात आणि नाश्ता आठला, म्हणजे साडेचौदा तासांचा उपास. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पहाटे खाली जाते, घाम फुटतो, माणूस बरळतो, आणि "झोपेत बडबडतात" म्हणून सोडून देतात. झोपताना दूध किंवा लापशी मिळायला हवी.

औषधाच्या डब्यावर नाव, गोळी, वेळ आणि कोणी दिली त्याची सही हवी. चार गोळ्या मोजा आणि वहीशी जुळवा. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांना हवी, फ्रीझरमध्ये नको. भारनियमनात काय करतात तेही विचारा. दुपारी ३ ला अर्धी खोली गाढ झोपलेली आणि हलवूनही जागी होत नसेल तर झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी मागा. चिठ्ठी डॉक्टरची नसेल तर गोळी शांततेसाठी दिली जातेय, रुग्णासाठी नव्हे.

पैसा, करार, तक्रार

संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. करारात अनामत किती दिवसांत परत, दवाखान्याचा खर्च कोणाचा, मृत्यू झाल्यास कोणाला कळवणार, हे लेखी हवं. बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड आणि पेन्शनचे कागद व्यवस्थापकाकडे ठेवू नका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लागतो, तेव्हा घरचं माणूस समोर असावं. शेत किंवा घर बक्षीसपत्राने देताना सांभाळ करण्याची अट त्या कागदातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अट मोडली तर व्यवहार रद्द करता येतो, आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे जायचं.

तक्रार १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी करता येते. मारहाण किंवा बांधून ठेवणं असेल तर थेट पोलीस ठाणं. अर्जात "काळजी घेत नाहीत" असं लिहू नका. "१४ तारखेला रात्री ९.१० ला बेल दाबली, ९.४० पर्यंत कोणी आलं नाही, ड्युटीवर २२ वृद्धांना १ सेविका" असं लिहा, पोच घ्या आणि फोटो तारखेसह ठेवा. आणि अर्ज द्यायच्या आधी दुसऱ्या जागेत एक खाट बोलून ठेवा, कारण तक्रार झाल्यावरही रात्री त्याच सेविकेने आजींना पाणी द्यायचं असतं.