लायब्ररीयनकडून एन-लिस्टचा आयडी मागून घ्या

कॉलेजच्या फीमध्ये लायब्ररीचे पैसे आपण भरतोच, पण बरेच जण तिथे फक्त परीक्षेच्या आधी एसीत बसायला जातात. तर एक काम करा, लायब्ररीयन मॅडम किंवा सरांना थेट विचारा की आपलं कॉलेज एन-लिस्टला, म्हणजे संशोधनाची जर्नल्स आणि ई-बुक्स ऑनलाइन वाचायच्या योजनेत, आहे का. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे यूजीसीचं लायब्ररी नेटवर्क केंद्र, हे चालवतं, कॉलेज मेंबर असेल तर विद्यार्थ्यालाही स्वतःचं लॉगिन मिळतं आणि मग हजारो जर्नल्स आणि ई-बुक्स घरून मोबाईलवर पण उघडतात, आणि खरं सांगायचं तर मागितल्याशिवाय हे कुणी आपणहून देत नाही. सरकारी कॉलेज असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या जर्नल्सच्या योजनेचंही विचारा, २०२५ पासून सुरू झालंय, ३० पब्लिशर्सची जवळपास १३ हजार जर्नल्स आहेत त्यात.

कॉलेज मेंबर नसेल तरी शोधगंगा ही वेबसाइट आहेच, तिथे पीएचडीचे थिसिस फुकट वाचता येतात, मराठीतले पण भरपूर. प्रोजेक्टचा विषय शोधताना थिसिसच्या शेवटची संदर्भसूची आधी बघा, अर्धं काम तिथंच होतं.

महागडी पुस्तकं घ्यायच्या आधी बुक बँक (लायब्ररी सेमिस्टरभर पुस्तकं वापरायला देते ती सोय) आहे का तेही विचारा, असेल तर सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नाव द्या, नंतर काही उरत नाही.

कॉम्प्युटर लॅबमध्ये मात्र जीमेल इन्कॉग्निटोमध्येच उघडा, पेनड्राईव्ह घरी आल्यावर स्कॅन करा, आणि मराठी फाईल प्रिंटला नेताना पीडीएफच न्या, नाहीतर तिथं फॉन्ट नसला की सगळे चौकोन येतात.