एफ-१ वर असताना लग्न ठरलं असेल तर

साखरपुडा झाला, हॉलची बोलणी सुरू झाली की घरातलं कोणीतरी विचारतंच, "लग्न केलंस तर तुझ्या व्हिसाचं काय?" लग्नाने एफ-१ ला, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यार्थ्याच्या व्हिसा-स्टेटसला, काहीही होत नाही. त्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही आणि फीही नाही. स्टेटस जातं ते लग्नासाठी भलत्या वेळी केलेल्या प्रवासाने, मधेच सोडलेल्या क्रेडिट्सनी, नाहीतर फॉर्मवर चुकीच्या भरलेल्या एका रकान्याने.

व्हिसा आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा कागद, अमेरिकेत शिरण्यापुरता. आत आल्यावर स्टेटस चालतं, आणि ते टिकतं आय-९४ (प्रवेशाची सरकारी नोंद), आय-२० (विद्यापीठाने दिलेला फॉर्म) आणि सेव्हिसमधल्या, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या यंत्रणेतल्या, तुमच्या नोंदीवर. व्हिसाची तारीख उलटून गेली तरी इथे राहून शिकता येतं, पण एकदा बाहेर पडलात की परत येताना नवा लागतो. अनेकांचा पहिला मोठा प्रवास लग्नाचाच असतो, त्यामुळे हे तिकीट काढताना लक्षात येतं. आय-९४ वर अजून बहुतेकांना 'डी/एस' मिळतं, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर. ते काढून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला आहे. प्रत्येक वेळी परत आल्यावर आय-९४ डाउनलोड करा. तुमच्या प्रतीवर जे छापलंय तेच खरं.

मुहूर्त आणि सेमिस्टर

हिवाळ्याची सुट्टी साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि नेमका तेव्हाच धनुर्मास. मुहूर्त मोजके, म्हणून घरचे फेब्रुवारी सुचवतात. फेब्रुवारी म्हणजे सेमिस्टर ऐन भरात. दोन आठवडे वर्ग बुडाले तर तो तुमचा आणि प्राध्यापकांचा प्रश्न, इमिग्रेशनचा नाही. पण त्या पायी एखादा विषय सोडलात आणि क्रेडिट्स कमी पडले तर मात्र स्टेटस गेलं. बॅचलर्सला किमान १२ क्रेडिट्स लागतात, मास्टर्सला विद्यापीठ ठरवेल तितके, आणि पूर्ण ऑनलाइन असलेला एकच विषय, जास्तीत जास्त ३ क्रेडिट्सचा, त्यात धरला जातो. कमी क्रेडिट्सची मुभा डीएसओ, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला तुमचा अधिकारी, देतो. तीही विषय सोडण्याआधी घ्यावी लागते. कारणं ठरलेली आहेत: आजारपण, सुरुवातीची शैक्षणिक अडचण, शेवटचं सेमिस्टर. लग्न त्या यादीत नाही.

उरतो मे-जून, आषाढी एकादशीच्या आत. त्यानंतर चातुर्मास, तरी पंचांगांत आता गौणकालातले मुहूर्तही छापलेले असतात. आमचं स्पष्ट मत: विद्यापीठाचं वेळापत्रक आधी घरी पाठवा, पंचांग नंतर उघडू द्या. आणि काही झालं तरी सलग पाच महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहू नका. सेव्हिसमधली नोंद तुटते, नव्या आय-२० वर यावं लागतं आणि सीपीटी-ओपीटीसाठी (शिकताना आणि पदवीनंतर मिळणारी कामाची परवानगी) लागणारं एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं.

मे महिन्यातले दोन खड्डे

पहिला खड्डा, मेमध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी. ओपीटीचा अर्ज प्रोग्रॅम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, आणि डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत तो पोचावा लागतो. अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा. "आधी लग्न उरकून येतो, मग भरतो" असं म्हणून, अर्ज न करता निघालात तर शिक्षण संपल्यावर इथे राहायला मिळणारा ६० दिवसांचा ग्रेस पिरियड विमानतळावरच संपला. त्या आय-२० वर परत येता येत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करून टाका. ओपीटी मंजूर झाल्यानंतर प्रवास असेल तर सोबत ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, आणि नोकरीचं पत्र हवं. नोकरी नसताना जाणं धोक्याचं, शिवाय ओपीटी सुरू झाल्यावर बिननोकरीचे ९० दिवस मोजले जातात, आणि मांडवातले दिवसही त्यात येतात. नोकरी असून मंजूर रजेवर असाल तर येत नाहीत.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. मार्चच्या लॉटरीत एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागली, कंपनीने एप्रिलमध्ये 'चेंज ऑफ स्टेटस' (देश न सोडता स्टेटस बदलणं) मागून अर्ज भरला, आणि तुम्ही मे महिन्यात बोहल्यावर चढायला निघालात. निर्णय होण्याआधी देश सोडला की चेंज ऑफ स्टेटसची मागणी सोडून दिली असं धरतात. मूळ अर्ज मंजूर झाला तरी मग बाहेरून व्हिसा घेऊन यावं लागतं. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरची फी बसवली. अमेरिकेत राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ती नाही, पण निर्णयाआधी बाहेर पडणाऱ्यांना ती लागू होते असं इमिग्रेशन खात्याने नंतर स्पष्ट केलं. घोषणेची मुदत मुळात १२ महिन्यांची आहे, तेव्हा तुमच्या वेळी काय चालू आहे ते कंपनीच्या वकिलाला तिकीट काढण्यापूर्वी विचारा. हॉलची अनामत गेली तर गेली.

रजिस्टर आधी की लग्न आधी

व्हिसाची घाई म्हणून बरीच घरं "आत्ता रजिस्टर करून ठेवू, विधी डिसेंबरात करू" म्हणतात. इथे जपून. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न विधीने लागतं. सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. विधी न करता नुसती नोंदणी केली तर ते लग्नच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. कागद आधी हवाच असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करा. त्यात नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं, आणि दोघांपैकी एकजण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसत नाही.

याची दुसरी बाजू जास्त लोकांना नडते. सप्तपदी झाली, नोंदणी राहिली, आणि व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर 'सिंगल' लिहिलं. "अजून रजिस्टर कुठे झालंय" हे कारण चालत नाही. त्या दिवशी तुम्ही कायद्याने विवाहित होतात. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. साखरपुडा झालेला माणूस मात्र सिंगलच. दोन ठिकाणी दोनदा लग्न केलं असेल, म्हणजे इथे काउंटी क्लर्ककडे आणि मग गावी मांडवात, तर पहिली कायदेशीर तारीख सगळीकडे तीच लिहा. आणि झूमवरून लागलेलं लग्न, जिथे दोघं एकमेकांसमोर हजर नव्हते, ते त्यानंतर पती-पत्नी म्हणून सहवास झाल्याशिवाय इमिग्रेशनमध्ये धरत नाहीत.

महाराष्ट्रात नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते: शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, गावात ग्रामपंचायतीत. मुदत लग्नापासून ९० दिवस. दोघांचे फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, भटजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. वधूवरांनी स्वतः हजर राहायचं असतं, म्हणून परतीचं तिकीट लग्नाच्या चौथ्या दिवसाचं काढू नका; मधे निदान सात-आठ कामाचे दिवस ठेवा. सर्टिफिकेट हातात घेताना तिथेच उभं राहून स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा. आधारवर एक 'ए' आणि पासपोर्टवर दोन, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ, आणि वॉर्ड ऑफिसातला कारकून आधार बघून टाइप करतो. दोन-तीन प्रती घ्या. प्रत फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.

नाव बदलायचं असेल तर आत्ता नको. सेव्हिस, आय-२०, व्हिसा सगळं पासपोर्टवरच्या नावावर चालतं. नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावून नवा पासपोर्ट काढला, पण आय-२० जुन्याच नावाचा, अशा अवस्थेत मुलाखतीला जाणं म्हणजे विकतची डोकेदुखी. व्हिसा होऊन इथे स्थिरस्थावर झाल्यावर सावकाश बदला.

एफ-२ कसा काढायचा

एफ-२ म्हणजे एफ-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यासाठी डीएसओला नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पासपोर्टची प्रत, जन्मगाव आणि जास्तीच्या खर्चाचा पुरावा द्यायचा. हा आकडा प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो. लग्नाआधीच विचारून ठेवा, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट तयार राहील. एफ-२ चा आय-२० स्वतंत्र असतो, त्यावर सेव्हिस क्रमांकही वेगळा. तो आता ईमेलने येतो. आय-९०१ ची, म्हणजे सेव्हिसची, ३५० डॉलरची फी एफ-२ ला नाही. व्हिसाची अर्जफी १८५ डॉलर मात्र आहे.

सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून सूट जवळपास बंद झाली आहे, म्हणजे ड्रॉपबॉक्सच्या, मुलाखतीशिवाय नुसते कागद जमा करण्याच्या, भरवशावर राहू नका. तुमचा स्वतःचा व्हिसा संपला असेल तर तुम्हालाही मुलाखत आहे. तो स्लॉट हॉलच्या आधी बघा. जून २०२५ पासून एफ व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती पब्लिक ठेवावी लागतात. मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये जाताना सर्टिफिकेट, दोन्ही आय-२०, तुमची ट्रान्सक्रिप्ट, पैशाचे कागद आणि दहा-पंधरा फोटो न्या. फोटो मुंडावळ्या बांधलेले, अंतरपाट धरलेले, दोन्हीकडची माणसं दिसणारे हवेत. प्री-वेडिंग शूटमधला धुरातला फोटो काही सिद्ध करत नाही. मुलाखतीनंतर पासपोर्ट कॉन्सुलेटकडेच राहतो, आणि २२१(जी) ची, म्हणजे अर्ज पुढच्या तपासणीसाठी थांबवल्याची, चिठ्ठी मिळाली तर कधी कधी कित्येक आठवडे. बालीची तिकिटं त्यानंतर काढा.

निघताना आय-२० वरची डीएसओची ट्रॅव्हल सही तपासा: शिकताना एक वर्ष चालते, ओपीटीवर सहा महिने.

एफ-२ वर आल्यावर

नोकरी नाही, कसलीच नाही. पुण्यातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवरून इथे बसून करत राहणं बऱ्याच जणांना निरुपद्रवी वाटतं. वकिलाचं लेखी मत घेतल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका. सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. पार्ट-टाइम शिकता येतं. फुल-टाइम डिग्रीसाठी आधी एफ-१ मंजूर व्हायला हवा. एफ-२ पूर्णपणे तुमच्या स्टेटसवर लटकलेला असतो. तुमचं गेलं की तोही गेला. लग्न मोडलं तरीही जातो, आणि हे येणाऱ्या मुलीला तिच्या आई-बाबांसमोर आधीच सांगितलेलं बरं.

दोघंही इथे एफ-१ वर असाल तर काहीच बदलू नका. दोन स्वतंत्र स्टेटस हीच सगळ्यात भक्कम जागा आहे. एकाचं शिक्षण संपून पुढे काही नसेल तर ६० दिवसांच्या आत आय-५३९ हा स्टेटस बदलण्याचा फॉर्म भरून दुसऱ्याच्या एफ-२ वर जाता येतं. जोडीदार एच-१बी वर असेल तर एच-४ चा, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या स्टेटसचा, पर्याय आहे. त्यावर फुल-टाइम शिकता येतं, पण कामाची परवानगी जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असला किंवा त्याची एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेली असली तरच. ओपीटी हातातली असताना घाईने एच-४ वर उडी मारली तर ओपीटी जाते.

अमेरिकन नागरिकाशी लग्न केलंत तर आय-१३० (जोडीदाराने तुमच्यासाठी भरायचा) आणि आय-४८५ (तुमचा ग्रीन कार्डचा) हे अर्ज एकत्र भरता येतात. आय-६९३ ची वैद्यकीय तपासणीही डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच जोडावी लागते. अर्ज भरल्यावर ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही, आजी कितीही आजारी असली तरी. एफ-१ घेताना परत जाण्याचा इरादा सांगितलेला असतो, म्हणून प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न करून इथे संसार मांडला तर हेतूबद्दल प्रश्न उठतात. ग्रीन कार्डधारकाशी लग्न असेल तर रांग आहे. तुमची तारीख येईपर्यंत एफ-१ अखंड टिकवावाच लागतो. नागरिकाच्या जोडीदाराला मिळणारी सवलत इथे नाही.

लग्नानंतर रूममेट्स सोडून वेगळं घर घ्याल. पत्ता १० दिवसांच्या आत डीएसओला कळवा, दोघांचाही. टॅक्स भरताना एफ-१ वरची पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही नॉन-रेसिडेंट असता. दोघंही तसेच असाल तर जॉइंट रिटर्न भरता येत नाही, सॉफ्टवेअरने कितीही मोठा रिफंड दाखवला तरी. ८८४३ हा टॅक्स खात्याचा फॉर्म एफ-२ लाही स्वतंत्र भरावा लागतो, एक डॉलर कमावला नसला तरी.