भिगवणच्या नावेत पक्षी-छायाचित्रण शिकताना

पक्षी-छायाचित्रणाची कार्यशाळा निवडताना प्रशिक्षकाच्या पुरस्कारांची यादी पाहण्याआधी, एका नावेत किती जणांना बसवणार हे विचारून घ्यावे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी टिपायला जी नाव मिळते ती लहान असते, एक जण उठला की सगळ्यांच्याच चौकटी हलतात. म्हणून तीन-चार शिकणारे आणि शेजारी बसून प्रत्येकाच्या कॅमेऱ्याचा पडदा पाहू शकेल असा प्रशिक्षक, एवढीच मंडळी असावीत.

तेथे सर्वांत आधी शिकण्याची गोष्ट म्हणजे पांढऱ्या पिसांचा प्रकाश. गडद पाणी चौकटीत अधिक असले की कॅमेरा सगळेच दृश्य उजळ करू पाहतो आणि पिसांतील बारकावे पुसले जातात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय) उणे २/३ ते उणे १ ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातील गडद-उजळ भागांचा आलेख, तपासावा. मागे उजळ आकाश आले की हे गणित उलटते. उडत्या पक्ष्यासाठी शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा.

नावाडी बहुधा स्थानिक मच्छीमार असतात, त्यांचे ऐकावे. थवा माना उंचावून दूर चालू लागला, तर नाव तिथेच थांबवायला सांगावे. मुद्दाम उडवलेल्या थव्याचे छायाचित्र कितीही देखणे असले तरी ते शिकण्याच्या कामाचे नाही.

दुपारी सर्वांची असंपादित छायाचित्रे एकत्र पाहण्याचे सत्र नसेल, तर शुल्क भरण्यापूर्वी दुसरी कार्यशाळा शोधावी.