जावामध्ये आपोआप होणारे टाइप रूपांतर कसे ओळखावे

जावा या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप, म्हणजे त्यात कोणत्या प्रकारचे मूल्य राहील हे, कंपाइल होतानाच (प्रोग्राम चालण्याआधी त्याचे भाषांतर होताना) ठरलेले असते. तरीही काही ठिकाणी हे भाषांतर करणारा कंपायलर आपल्याला न विचारता मूल्याचा टाइप बदलतो आणि चूक नेमकी तिथेच दडून बसते.

ती शोधताना प्रथम बरोबर चिन्हाची डावी बाजू झाकून फक्त उजवी बाजू वाचावी, कारण उत्तर कुठे साठवले जाणार आहे हे पाहून जावा आकडेमोड करत नाही. एका दिवसातील मायक्रोसेकंद काढण्यासाठी २४, ६०, ६०, १००० आणि १००० यांचा गुणाकार करून तो लाँग (मोठ्या पूर्णांकांचा टाइप) व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर ८६,४०,००,००,००० ऐवजी ५०,०६,५४,०८० मिळतात. पाचही संख्या इंट (साध्या पूर्णांकांचा टाइप) असल्यामुळे गुणाकार इंटमध्येच होतो, २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडली जाते आणि त्यानंतर ते बिघडलेले उत्तर लाँगमध्ये रूपांतरित होते. प्रोग्राम मात्र कुरकुर न करता चालतो.

यानंतर प्रत्येक क्रियेच्या दोन्ही बाजूंचे टाइप कागदावर लिहावेत. बाइट व शॉर्ट (लहान पूर्णांकांचे टाइप) आणि कॅर (एका अक्षराचा टाइप) यांचे आधी इंट होते. एक बाजू लाँग किंवा फ्लोट, डबल (दशांश संख्यांचे टाइप) असेल, तर दुसरी तिच्या टाइपमध्ये येते. दोन्ही बाजू इंट असतील, तर उत्तरही इंटच येते; म्हणूनच ७ भागिले २ हे डबलमध्ये ठेवले तरी उत्तर ३.० येते.

दुरुस्ती क्रियेच्या आधी करावी. पहिल्या २४ ला एल हे अक्षर जोडले की पुढचा सगळा गुणाकार लाँगमध्ये होतो. संपूर्ण गुणाकार कंसात घालून त्याला बाहेरून कास्ट (टाइप बदलण्याची स्पष्ट सूचना) लावण्याचा काहीही उपयोग नाही, कारण तोवर नुकसान झालेले असते. ही चूक मला सर्वाधिक वेळा दिसते.

'अधिक-बरोबर' (+=) हे मिळवून परत त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवणारे जोडचिन्ह वेगळे तपासावे. बाइट व्हेरिएबलमध्ये १२० असताना त्यात १० मिळवून बेरीज साध्या बरोबर चिन्हाने परत त्यातच ठेवू पाहिली, तर कंपायलर अडवतो. जोडचिन्ह वापरले, तर तो स्वतःच कास्ट घालतो आणि हाती उणे १२६ येते.

शेवटी, इंटचे फ्लोट होत असेल तिथे थांबावे. दोन्ही ३२ बिटांचे असले तरी फ्लोटमध्ये अंकांसाठी २४ बिटांचीच अचूकता असते, त्यामुळे १,६७,७७,२१७ चे १,६७,७७,२१६ होतात. अशा ठिकाणी डबल वापरावे, कारण त्यात प्रत्येक इंट जसाच्या तसा मावतो.