क्वांटम ग्रुप शिकायचेत? आधी वही-पेन्सिल घ्या

क्वांटम ग्रुप (क्यू नावाच्या एका चलाने बदललेली सममितीची बीजगणितं) म्हटलं की नवखी मुलं थेट हॉप्फ अल्जिब्राच्या, म्हणजे गुणाकाराबरोबर त्याची उलटी क्रिया कोप्रॉडक्टही असलेल्या बीजगणिताच्या, व्याख्येला भिडतात आणि त्या कोप्रॉडक्टपाशी दमतात. एमएस्सीनंतर या वाटेला येणाऱ्यांना मी उलटा क्रम सांगतो: लिनिअर अल्जिब्रा आणि एसएल-२ ची (कर्णाची बेरीज शून्य असलेल्या २×२ मॅट्रिक्सच्या ली अल्जिब्राची) रिप्रेझेंटेशन्स पक्की असतील, तर आधी चित्रं काढा.

पहिल्यांदा टेम्परली-लीब, म्हणजे एसएल-२ चं आकृत्यांनी मांडलेलं बीजगणित. तीन दोऱ्यांच्या, एकमेकींना न छेदणाऱ्या पाच आकृत्या. बंद वर्तुळ आलं की पुसायचं आणि त्याची ठरलेली किंमत बाहेर गुणायची. एका दुपारचं काम आहे.

मग एसएल-३ वर, म्हणजे तशाच ३×३ मॅट्रिक्सवर या. ग्रेग कुपरबर्गने १९९६ च्या पेपरात यासाठी मांडलेल्या आकृत्यांना वेब म्हणतात. कडांना दिशा असते. आतल्या प्रत्येक शिरोबिंदूला तीन कडा, तिन्ही आत येणाऱ्या किंवा तिन्ही बाहेर जाणाऱ्या. नियम तीनच: वर्तुळाची किंमत क्वांटम ३ (क्यू² + १ + क्यू⁻²), द्विकोनाच्या (दोनच बाजूंच्या खणाच्या) जागी क्वांटम २ (क्यू + क्यू⁻¹) पट एक कड, चौकोनाच्या जागी दोन साध्या आकृत्यांची बेरीज. ज्यांच्या आतल्या प्रत्येक खणाला किमान सहा बाजू असतात, अशाच आकृत्या शेवटी उरतात आणि त्याच बेसिस होतात.

हे नुसतं वाचून सोडू नका. परिघावर सहा बिंदू घ्या, दिशा आलटून पालटून. न छेदणाऱ्या जोड्या लावल्या तर पाचच आकृत्या मिळतात. पण या आकृत्या ज्या इन्व्हेरियंट स्पेसचा (एसएल-३ च्या क्रियेने न बदलणाऱ्या व्हेक्टरांचा) बेसिस आहेत, तिचं डायमेन्शन ३!, म्हणजे ६. सहावी आकृती कुठली? मधोमध षटकोन, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून परिघाकडे एक पाय. एसएल-२ मध्ये ती असूच शकत नाही. आता सहाही दिशा सारख्या करा: दोन तिपाया (तीन बिंदू मध्ये एका शिरोबिंदूला जोडलेले) तीन प्रकारे, तीन फांद्यांचं झाड दोन प्रकारे, एकूण ५. दोन ओळी... नाही, तीन ओळी आणि दोन स्तंभांचे स्टँडर्ड यंग टॅब्लो (ओळीत आणि स्तंभात चढत्या क्रमाने आकडे भरलेले चौकटींचे तक्ते) मोजा, तेही पाचच.

पेपर बदलला की द्विकोनाचं चिन्ह बदलतं, कुठे क्यूऐवजी त्याचं वर्गमूळ येतं. वहीच्या पहिल्याच पानावर आपली पद्धत लिहून ठेवा आणि क्यू = १ घालून उत्तर ताडून बघा.

बेसिस देखणा आहे म्हणून तो ड्युअल कॅनॉनिकल (क्वांटम ग्रुपच्या सिद्धांतातून येणारा ठरावीक बेसिस) असेल असं मात्र धरून चालू नका. खोवानोव आणि कुपरबर्ग यांनी १९९९ मध्येच फरक दाखवलाय. एसएल-एन चे सगळे नियम कॉटिस, कॅमनिट्झर, मॉरिसन यांच्या २०१४ च्या पेपरात मिळतील. तो हातात घ्यायच्या आधी एसएल-३ चे नऊ बिंदू करून बघा: एकाच दिशेचे घेतले तर ४२ आकृत्या येतात, आणि फिरवून एकसारख्या होणाऱ्या ओळखल्या की काम बरंच हलकं होतं.