चादरीच्या तुकड्यावर ओतलेल्या रेझिनमध्ये बुडबुडे येत असतील तर : माझा अनुभव

सोलापुरी चादरीचे उरलेले तुकडे येथे स्वस्तात मिळतात आणि त्यांची उठावदार वीण भिंतीवरच्या फलकांना फार शोभते. मात्र फळीवर तुकडा चिकटवून इपॉक्सी रेझिन (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवल्यावर घट्ट होणारे पारदर्शक मिश्रण) ओतले की सुरुवातीला नितळ दिसणाऱ्या थरात घट्ट होता होता टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे येत आणि सुकल्यावर तेथे खड्डे राहत. सावकाश ढवळणे, बाटली कोमट पाण्यात ठेवणे, हीट गन (गरम हवा सोडणारे यंत्र) फिरवणे, कशानेच फरक पडेना; साहित्य वाया जाऊन अगदी वैताग आला. दोष मिश्रणात नव्हताच, सुती धाग्यांत अडकलेली हवा वर येत होती.

प्रथम तुकडा उन्हात कडकडीत वाळवावा. मग बाटलीवरील प्रमाणानेच थोडे रेझिन हार्डनरसह कालवावे; वजनाचे आणि आकारमानाचे प्रमाण वेगळे असते, हे येथे ध्यानात ठेवावे. ते ब्रशने उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांत, रंग सर्वत्र ओल्या कापडासारखा गडद होईपर्यंत मुरवावे. हा थर चिकट लागेल, पण हातमोज्याला उचलून येणार नाही, इतका आळल्यावरच वर सुमारे 3 मिलिमीटरचा थर ओतावा. एप्रिल-मेमध्ये मिश्रण भांड्यातच तापून घट्ट होते, म्हणून ते पहाटे, खिडक्या उघड्या ठेवून, थोडे थोडेच कालवावे.